विंडोज ९८ चा लॅपटॉप आजच्या इंटरनेटला कसा जोडायचा

दिवाळीत बार्शीला गेलो होतो. काकांनी कपाटाच्या वरच्या खणातून एक काळी बॅग काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत त्यांचा १९९९ सालचा थिंकपॅड ६००ई, अ‍ॅडॉप्टर, दोन फ्लॉप्या आणि गुंडाळून ठेवलेली टेलिफोनची वायर. ते तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि रात्री दहानंतर याच लॅपटॉपवरून ईमेल बघायचे.

"सुरू होतो अजून," काका म्हणाले. "फक्त इंटरनेट लागत नाही. यावर सकाळचा पेपर उघडता आला तर बघ. तुझ्या त्या फोनवर अक्षरं बारीक दिसतात मला."

चार दिवस गेले, पण जमलं. अशी मशीन अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत, म्हणून ते कसं जमलं आणि मध्ये कुठे अडलं ते सविस्तर लिहितो. विंडोज ९८ धरून लिहितोय, कारण तेच माझ्या हातात होतं. विंडोज ९५ किंवा एमई असेल तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. "मशीन जुनं झालं, म्हणून इंटरनेट चालत नाही" असं आपण सहज म्हणून टाकतो. ते खरं नाही. इंटरनेट ही एकच वस्तू नाही, एकावर एक रचलेले थर आहेत. सगळ्यात खाली तार, तिच्यावर पत्ते, पत्त्यांवर कुलूप, आणि कुलपाच्या आत आपण बघतो ते पान. काकांच्या लॅपटॉपला खालचे दोन थर आजही उत्तम समजतात. अडतं ते कुलपाशी.

आधी घड्याळ

लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर १६१ आणि १६३ असे दोन आकडे येत होते. काका एफ१ दाबून पुढे जायचे. त्यांना वाटायचं हे असंच असतं. या थिंकपॅडांवर १६१ म्हणजे आतली छोटी बॅटरी संपली आणि १६३ म्हणजे तारीख-वेळ लावलेली नाही. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की मशीन दर वेळी जुन्या तारखेवर जागं होतं. बहुतेक जुने पीसी तर थेट १ जानेवारी १९८० गाठतात.

याचा इंटरनेटशी काय संबंध? थेट संबंध आहे. सुरक्षित साइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या मते आज १९८० साल असेल, तर २०२० नंतर दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेलं वाटतं, आणि तो ते नाकारतो. शिवाय विंडोज ९८ ला इंटरनेटवरून आपोआप वेळ लावून घेता येत नाही. म्हणून बॅटरी बदला, नाहीतर दर वेळी हाताने तारीख लावा. मुख्य बॅटरी मात्र इतक्या वर्षांची असेल तर काढूनच ठेवा आणि फक्त अ‍ॅडॉप्टरवर चालवा. फुगलेल्या बॅटरीशी खेळू नये.

फोनची वायर आता कुठे लावायची?

काकांनी बॅगेतली टेलिफोनची वायर जपून ठेवली होती, कारण त्यांच्या लेखी इंटरनेट त्या वायरमधूनच येतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं आपल्याकडे घरोघरी ते असंच यायचं. लॅपटॉपमधला मोडेम नंबर फिरवायचा, पलीकडे कंपनीचा मोडेम फोन उचलायचा, दोघं किरकिर करून एकमेकांचा वेग ठरवायचे, आणि तोवर घरातला फोन एंगेज. जास्तीत जास्त वेग सेकंदाला ५६ किलोबिट.

तो मोडेम अजून धडधाकट आहे. पलीकडे फोन उचलणारं आता कोणी नाही. त्यामुळे हे दार बंद, आणि दुसरं उघडायचं आहे.

या लॅपटॉपला नेटवर्कची केबल लावायची चौकोनी जागा नाही, वायफाय तर नाहीच. पण बाजूला एक चपटी फट आहे, ज्यात क्रेडिट कार्डाच्या आकाराचं जाडसर कार्ड बसतं. तो पीसीएमसीआयए स्लॉट. त्या काळी लॅपटॉपला काहीही नवं द्यायचं असलं की याच फटीतून द्यायचे. नेटवर्कचं कार्डही यातच बसतं.

कार्ड घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. ही कार्डं दोन जातींची असतात, जुनी १६-बिट आणि नंतर आलेली ३२-बिट कार्डबस. ओळखायची खूण सोपी आहे. कार्डबसच्या टोकाला, पिना असतात त्या बाजूला, सोनेरी पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर बारीक उंचवटे असतात. १६-बिट कार्डाला ती पट्टी नसते. १६-बिट कार्ड दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये चालतं. कार्डबस मात्र जुन्या स्लॉटमध्ये शिरतच नाही, मुद्दाम खाच ठेवून ते अडवलेलं आहे. लॅपटॉप १९९६ च्या आधीचा असेल, तर डोळे झाकून १६-बिट घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शेपूट. कार्ड इतकं पातळ असतं की नेटवर्क केबलचं टोक त्यात मावत नाही, म्हणून बऱ्याच कार्डांना एक छोटी वायर लागते. तिच्या एका टोकाला कार्डाचा चपटा प्लग आणि दुसऱ्या टोकाला केबलची जागा. ही शेपटं हरवतात, आणि एका कंपनीचं शेपूट दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला लागत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कार्ड हाताला लागलं, तर शेपटीसकट असेल तरच पैसे द्या. मला तिसऱ्या ठिकाणी थ्रीकॉमचं एथरलिंक थ्री मिळालं, १६-बिट, शेपटीसकट. विंडोज ९८ ते स्वतःहून ओळखतं, वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवायचं छोटं सॉफ्टवेअर, शोधावा लागत नाही.

तुमच्या कार्डाला ड्रायव्हर लागलाच, तर एक पेच येतो: ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. पेन ड्राइव्हचा इथे उपयोग नाही, कारण विंडोज ९८ ला पेन ड्राइव्हसुद्धा ड्रायव्हरशिवाय कळत नाही. फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, पण आजच्या पीसीला फ्लॉपी कुठली? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. ते पीसीएमसीआयए फटीत बसवणारा साधा अडॅप्टर मिळतो. कार्ड आत सरकवलं की विंडोज ९८ त्याला हार्ड डिस्कसारखं उघडतं, काहीही न विचारता. काकांची सगळी जुनी पत्रं मी अशीच बाहेर काढली. इंटरनेटचं पुढे काहीही होवो, हे काम आधी करून घ्या. इतक्या जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा नसतो.

पत्ता मिळाला तो क्षण

कार्ड आत टाकलं. टुंग टुंग असा आवाज झाला आणि विंडोजने सीडी मागितली. नेटवर्कचं काहीही नवं बसवायचं म्हटलं की विंडोज ९८ मूळ सीडी मागतं. काकांकडे सीडी नव्हती. पण लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजमध्ये त्या फाइल्स बऱ्याचदा हार्ड डिस्कवरच असतात: सी ड्राइव्ह, मग विंडोज, मग ऑप्शन्स, मग कॅब्ज. तो रस्ता दाखवला आणि काम झालं. मग रीस्टार्ट. एकेका बदलानंतर रीस्टार्ट हा या विंडोजचा स्वभावच आहे, तिथे धीर धरायचा.

राउटरपासून केबल आणून शेपटीला लावली. स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये "विनआयपीसीएफजी (winipcfg)" हे अक्षर-अक्षर इंग्रजीत टाइप केलं. एक छोटी राखाडी खिडकी उघडते आणि तिच्यात लॅपटॉपचा पत्ता दिसतो. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला असेल, तर राउटरने लॅपटॉपला घरात घेतलं असं समजायचं. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर आलं नाही आणि लॅपटॉपने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकला. मग केबल, शेपूट, कार्ड, या क्रमाने तपासायचं.

आमच्याकडे १९२.१६८.१.२३ आला. मी खुर्चीतून उठलोच.

यात उठण्यासारखं काय होतं ते सांगतो. राउटर दोन वर्षांपूर्वीचा, फायबरचा. कार्ड पंचवीस वर्षांहून जुनं, सेकंदाला १० मेगाबिटच्या पुढे न जाणारं. केबल लावताच राउटरने विचारलं असणार, "तुला किती वेग झेपेल?" कार्डाला त्या प्रश्नाचं धड उत्तरही देता येत नाही, ते फक्त आपल्या जुन्या पद्धतीने ठराविक अंतराने एक बारीकसा ठोका पाठवत राहतं. तेवढ्यावरून राउटरने ओळखलं की समोर १० मेगाबिटवालं कोणीतरी आहे, आणि तो स्वतः त्या वेगावर उतरला. एथरनेटची, म्हणजे तारेवरच्या नेटवर्कची, ही पद्धत जाणूनबुजून जपलेली आहे: नव्याने जुन्याला सांभाळून घ्यायचं. (अगदी नव्या, २.५ गिगाबिटच्या काही पोर्टांनी आता १० मेगाबिट सोडून दिलंय. तुमच्या राउटरवर पत्ता येत नसेल, तर मध्ये एक साधा स्वस्त नेटवर्क स्विच लावून बघा.)

पत्त्यांचंही तसंच. आपण आज वापरतो त्या आयपी पत्त्यांची चौथी आवृत्ती १९८१ साली लिहून झाली. राउटरने घरातल्या घरात पत्ते वाटायची डीएचसीपी ही पद्धत १९९३ सालची. विंडोज ९८ ला दोन्ही तोंडपाठ आहेत. म्हणजे खालचे दोन थर लागले, आणि त्यासाठी काहीही जुगाड करावा लागला नाही.

वायफायचा मोह

"वायर कशाला? वायफाय नाही का लागत?" हे काकूंनी विचारलं, आणि तुम्हीही विचाराल.

लागू शकतं. पीसीएमसीआयएची वायफाय कार्डं मिळतात. पण १९९९ ते २००२ च्या बहुतेक कार्डांना वेप नावाचं कुलूपच तेवढं येतं. वेपमध्ये माहितीच्या प्रत्येक पाकिटाची किल्ली थोडी वेगळी असावी म्हणून पासवर्डला एक बदलता आकडा जोडतात. तो आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख वेगवेगळे आकडे. ऐकायला मोठं वाटतं, पण गजबजलेल्या नेटवर्कवर तेवढी पाकिटं काही तासांत जातात आणि तेच आकडे पुन्हा वापरावे लागतात. त्यावर कडी म्हणजे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलं की त्यातले काही आकडे कच्चे आहेत आणि त्यांच्यावरून मूळ किल्लीच काढता येते. आज ते काम साध्या लॅपटॉपवर मिनिटांत होतं. म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं.

इथे मोठा मोह होतो, आणि तो टाळा असं मी कळकळीने सांगतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय वेपवर आणलं किंवा पासवर्डच काढून टाकला, तर जुना लॅपटॉप लगेच जोडला जाईल. पण त्याच वायफायवर घरातल्या सगळ्यांचे फोन आहेत. एका माळ्यावरच्या मशीनसाठी अख्ख्या घराची कडी काढून ठेवायची नाही.

वायर नकोच असेल तर चांगला उपाय आहे. हातात मावेल एवढा प्रवासी राउटर हजार-दीड हजारात मिळतो. त्याला क्लायंट किंवा ब्रिज मोडमध्ये टाकायचं. तो घरच्या वायफायशी आजच्या कुलपात बोलतो आणि लॅपटॉपला फक्त एक छोटी केबल देतो. लॅपटॉपला वाटतं आपण तारेवरच आहोत.

पीसीएमसीआयए स्लॉटही नसेल, फक्त मागची नऊ पिनांची सिरियल पोर्ट असेल, तर त्यावरही हौशी लोकांनी तोड काढली आहे. ईएसपी८२६६ नावाची स्वस्त वायफाय चिप सिरियल पोर्टला लावतात आणि तिच्यात असं सॉफ्टवेअर भरतात की ती जुन्या मोडेमसारखी वागते. लॅपटॉप तिला एटीडीटी हा फोन फिरवायचा हुकूम देतो, ती वायफायवरून जोडणी करते. मी हे वापरलं नाही, पण विंडोज ३.१ च्या मशीनवाल्यांना हाच रस्ता सोयीचा पडतो.

पान का उघडत नाही

आता लॅपटॉप इंटरनेटवर आहे. काका खुर्ची ओढून बसले. इंटरनेट एक्सप्लोरर ५ उघडला, पेपरचा पत्ता टाकला, थोडा वेळ निळं ई फिरलं आणि उत्तर आलं: पान दाखवता येत नाही, सर्व्हर सापडला नाही.

हा संदेश दिशाभूल करतो. सर्व्हर सापडला होता. बोलणंही सुरू झालं होतं. पण कोणतं कुलूप वापरायचं यावर दोघांचं एकमत झालं नाही आणि सर्व्हरने फोन ठेवून दिला. एक्सप्लोररला एवढंच कळलं की पलीकडून कोणी बोलत नाही.

एचटीटीपीएस म्हणजे कुलूपबंद बोलणं. सुरुवातीला ब्राउझर आपली यादी देतो: मला ही ही कुलपं येतात. सर्व्हर आपल्या यादीशी ताडून बघतो आणि दोघांना येणारं सगळ्यात मजबूत कुलूप निवडतो. काकांच्या एक्सप्लोररला येतात एसएसएल २ आणि ३, म्हणजे १९९५-९६ ची कुलपं, आणि सेटिंगमध्ये खूण केली तर १९९९ चं टीएलएस १.०. आजच्या साइटना लागतं २००८ चं टीएलएस १.२ किंवा २०१८ चं टीएलएस १.३. मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ ला २०२० मध्ये निरोप दिला. दोन याद्यांत एकही नाव सामायिक नसेल, तर बोलणं पुढे जाईल कसं?

मी एक्सप्लोररच्या हेल्पमध्ये जाऊन अबाउट उघडलं. तिथे एक ओळ असते, सायफर स्ट्रेंथ. समोर लिहिलं होतं ४०-बिट. त्या काळी अमेरिकेबाहेर मजबूत कुलपाचं सॉफ्टवेअर पाठवायला अमेरिकेच्या कायद्याने मनाई होती, युद्धसामग्री पाठवायला असते तशीच. म्हणून आपल्याकडे यायची ती मुद्दाम कच्ची केलेली आवृत्ती. ते निर्बंध जानेवारी २००० मध्ये सैल झाले. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा प्रचंड दिसतो, पण संगणकाला एकेक किल्ली लावून बघायला तो फार मोठा नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे व्हीएसएनएल सुरू झालं त्याच महिन्यात, फ्रान्समध्ये दामियँ दोलिजे यांनी शंभरेक संगणक जुंपून नेटस्केपचं ४०-बिटचं कुलूप साधारण आठवड्याभरात उघडून दाखवलं होतं. काका ज्या कुलपावर भरवसा ठेवून ईमेलचा पासवर्ड टाइप करायचे, ते लॅपटॉप घेण्याच्या चार वर्षं आधीच फुटलेलं होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून आजचे सर्व्हर जुन्या लॅपटॉपला दारातून परत पाठवतात, ते बरोबरच करतात.

कुलपापलीकडे आणखी एक अडचण आहे, ती ओळखीची. साइटच्या प्रमाणपत्रावर कोणीतरी मोठ्या संस्थेची सही असते, आणि त्या संस्थांची यादी लॅपटॉपमध्ये आधीपासून असते. १९९९ च्या यादीतल्या बऱ्याच नावांची मुदत संपली, आणि आज सह्या करणाऱ्या बऱ्याच संस्था तेव्हा नव्हत्याच. त्यामुळे कुलूप जमलं तरी समोरच्याची ओळख पटत नाही.

नवा ब्राउझर टाकावा तर फायरफॉक्सची विंडोज ९८ वर चालणारी शेवटची मालिका २.०, तिला २००८ मध्ये पूर्णविराम मिळाला. हौशी लोकांनी तिच्याच पायावर रेट्रोझिला नावाचा ब्राउझर केलाय आणि त्यात टीएलएस १.२ बसवलंय. त्याने काही साइट उघडतात. पण आजचं पान म्हणजे अर्धा प्रोग्रामच असतो. तो चालवताना ६४ एमबी मेमरीच्या लॅपटॉपला घाम फुटतो.

कुर्डुवाडी

इथपर्यंत आल्यावर मी काकांना प्रॉक्सी समजावायला लागलो. घरात एक दुसरा, आजचा छोटा संगणक ठेवायचा. लॅपटॉप त्याला जुन्या, बिनकुलपाच्या भाषेत सांगणार, "अमुक पान आण." तो बाहेर जाऊन आजच्या कुलपात ते पान आणणार आणि लॅपटॉपला झेपेल अशा रूपात देणार.

काकांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे कुर्डुवाडीच की रे!"

बार्शीच्या माणसालाच हे सुचणार. बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, रुळांतलं अंतर अडीच फूट. मुंबईकडून येणारी मोठी लाइन कुर्डुवाडीला. दोन्ही रूळ शेजारी शेजारी, पण एकाची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. मग हमाल माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचे, आणि पंढरपूरला जाणारे वारकरी मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचे. माल तोच, माणसं तीच, फक्त गाडी बदलायची. प्रॉक्सी हेच करतो. मी इतकी वर्षं लोकांना प्रॉक्सी समजावतोय, याहून नेमकी उपमा मला सापडली नव्हती.

आमची कुर्डुवाडी झाली एक रास्पबेरी पाय. खेळायच्या पत्त्यांच्या डब्याएवढा संगणक, राउटरशेजारी ठेवलेला, पत्ता १९२.१६८.१.५०. घरातला कोणताही चालू पीसी हे काम करू शकतो. त्यावर आधी वेबवन नावाचा मोफत प्रॉक्सी टाकला. तो खास जुन्या ब्राउझरांसाठीच लिहिलेला आहे. कुलूप तो स्वतः सांभाळतो, आणि वेबपीसारख्या नव्या प्रकारची चित्रं जुन्या ब्राउझरला कळतील अशी बदलूनही देऊ शकतो. लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या टूल्समध्ये इंटरनेट ऑप्शन्स, त्यात कनेक्शन्स, त्यात लॅन सेटिंग्ज, आणि तिथे प्रॉक्सीचा पत्ता व पोर्ट ८०८०. बस.

साध्या साइट लगेच उघडल्या. पेपरचं पान मात्र विस्कटलेलं आलं, कारण मांडणी आणि जावास्क्रिप्ट एक्सप्लोररलाच पेलवावं लागत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन.

हे चौकोन का, तेही सांगायला हवं. विंडोजमध्ये देवनागरी घरची झाली ती विंडोज २००० पासून. मंगल फॉन्ट तेव्हाच आला. ९८ ला देवनागरी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्या काळी मराठीत लिहायचं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरायचो. फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी विचित्र चिन्हं. काकांच्या जुन्या पत्रांची माझ्या लॅपटॉपवर तीच गत झाली होती. एक्सप्लोरर ६ आणि युनिकोडचा फॉन्ट टाकून ९८ वरही देवनागरी दाखवता येते, पण जोडाक्षरांच्या मागे लागण्यात माझी अख्खी दुपार गेली असती.

त्यापेक्षा मी दुसरा प्रॉक्सी लावला, डब्ल्यूआरपी, म्हणजे वेब रेंडरिंग प्रॉक्सी. हा पानाचे तुकडे पाठवत नाही. पायवर तो खराखुरा क्रोम उघडतो, पान पूर्ण रंगवतो, त्याचा फोटो काढल्यासारखं एक जिफ चित्र बनवतो आणि ते चित्र लॅपटॉपला देतो. लॅपटॉपवर तुम्ही चित्रात जिथे क्लिक कराल, त्या जागेचे आडवे-उभे आकडे परत पायकडे जातात आणि पाय खऱ्या पानावर तिथेच क्लिक करतो. जिफ म्हणजे १९८७ चा प्रकार, आणि चित्रातल्या जागेवर क्लिक करणं ही वेबच्या अगदी सुरुवातीची सोय. दोन्ही एक्सप्लोरर ५ ला झोपेतही जमतात. देवनागरी क्रोमने आधीच काढलेली असते, त्यामुळे लॅपटॉपला ती येण्याची गरजच उरत नाही.

प्रॉक्सी वगैरे नको, नुसतं मशीन जिवंत आहे हे बघायचंय, तर फ्रॉगफाइंड ही शोध साइट जुन्या मशीनसाठीच आहे. ती साध्या एचटीटीपीवर उघडते आणि सापडलेली पानं फक्त मजकूर ठेवून दाखवते. १९९१ चं गोफरही (मेनूतून मजकूर उघडायची जुनी पद्धत) अजून सुरू आहे. एक्सप्लोरर ५ ला ते थेट येतं, आजच्या क्रोमला येत नाही.

काय करायचं नाही

या लॅपटॉपवर बँक नाही, ईमेल नाही, कोणताही खरा पासवर्ड नाही. प्रॉक्सी आणि लॅपटॉप यांच्यामधलं बोलणं बिनकुलपाचं आहे. घरातल्या तारेवर ते चालतं, त्याबाहेर नाही. विंडोज ९८ साठी दुरुस्त्या येणं ११ जुलै २००६ ला थांबलं. फाइल शेअरिंग बंदच ठेवा: २००० मध्ये कळलं होतं की तिथल्या पासवर्डचं पहिलं अक्षर जुळलं तरी मशीन दार उघडतं. राउटरच्या मागे असताना बाहेरून थेट कोणी आत येत नाही, पण लॅपटॉपसाठी राउटरमध्ये कोणतंही पोर्ट उघडू नका. राउटरला पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येत असेल, तर लॅपटॉप आणि पाय दोघांनाही तिथेच बसवा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी पहिलं पान उघडलं ते मराठी विकिपीडियाचं. तीन-चार सेकंद पडदा रिकामा राहिला, मग वरून खाली चित्र उतरत आलं. १९९९ च्या राखाडी चौकटीत, जोडाक्षरांसकट, स्वच्छ मराठी. रंग थोडे कमी होते, कारण जिफला २५६ च रंग येतात. अक्षरं मात्र ठळक होती. पायला सांगून ती मी दीडपट मोठी केली होती.

काकांनी चष्मा पुसला आणि कीबोर्डच्या मधल्या लाल ठिपक्यावर, म्हणजे या लॅपटॉपच्या माउसवर, बोट ठेवलं. वीस वर्षांनी, तरी बोट न बघता तिथेच गेलं. त्यांनी पेपरचा पत्ता स्वतः टाइप केला, सोलापूर जिल्ह्याच्या पानावर क्लिक केलं, थांबले, आणि पान आल्यावर उजनी धरणात किती पाणी आहे ते मोठ्याने वाचून काकूंना सांगितलं.